जपून ठेवलेला मफलर

श्रीरामपुरात थंडी पडली की दोन गोष्टी ठरलेल्या. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवणार आणि सत्यशीलाबाई कुणाच्या तरी गळ्यात मफलर घालणार. ट्रॉलीला निदान वळसा घालून पुढं जाता येतं. बाईंना वळसा घालणारा माणूस अजून गावात जन्मला नव्हता.

सत्यशीलाबाई म्हणजे मराठी शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी बाराखडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या आईबापांना. त्यामुळं बाजारातून त्या चालल्या की दाढीमिशीवाले बाप्ये सायकलवरून उतरायचे, विड्या विझवायचे आणि उगाच शर्टाचं वरचं बटण लावायचे. नवरा काकासाहेब. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेला, गावठी बोलणारा, अंगणातल्या बाजेवर ऊन खात बसणारा माणूस. तोसुद्धा त्यांना ‘बाई’च म्हणायचा.

आता मफलरबद्दल. बाईंचा मफलर एकच. म्हणजे नग पुष्कळ, पण नमुना एकच. दोन सुलटे, दोन उलटे, दोन सुलटे, दोन उलटे, आणि दोन्ही टोकांना हिरवी पट्टी. रंग खाकीही नव्हे, तपकिरीही नव्हे, काहिलीच्या बुडाशी लागलेल्या गुळासारखा. लोकर नगरची. दिवाळी झाली की बाई एसटीनं नगरला जायच्या, तिथून रिक्षानं भिंगारला, आणि तिथल्या बाजारातल्या एका जुन्या दुकानातून पिशवीभर गुंडे घेऊन यायच्या. दुकानदार दरवर्षी तेच सांगायचा, “माणूस जाईल बाई, पण ही लोकर जायची न्हाई.” बाईंना टिकाऊ गोष्टींचं फार कौतुक. त्यांनी वर्गात वापरलेली छडीसुद्धा निवृत्तीपर्यंत एकच टिकली होती.

कुणाचा बाप्तिस्मा असो, कुणाचं लग्न, कुणी दहावी पास होवो नाहीतर हर्नियाचं ऑपरेशन करून घरी येवो, बाई मफलर घेऊन हजर. आणि घेणारा दोन्ही हात पुढं करून म्हणायचा, “जपून ठेवीन हं, बाई!” बाईंना वाटायचं, केवढा मान! आणि दर नाताळात चर्चच्या कार्यक्रमाला जो कोणी प्रमुख पाहुणा येईल त्याच्या गळ्यात हार नाही, शाल नाही, बाईंचा मफलर. कितीतरी वर्षांची रीत होती ती.

त्या रीतीला यंदा सुवार्तानं हात घातला.

सुवार्ता ही महिला मंडळाची अध्यक्षा आणि अर्थातच बाईंची विद्यार्थिनी. ती एका दुपारी आली, खुर्चीच्या कडेवर टेकली, अर्धा कप चहा प्याली, हवेबद्दल बोलली, गव्हाबद्दल बोलली, आणि मग कपाकडं बघत म्हणाली, “बाई, यंदा पाहुण्यांना शाल द्यावी म्हणतोय. रेडिमेड.”

“आणि मफलर?”

“नाही म्हणजे, तुम्हाला त्रास नको.”

“मला त्रास होतो असं मी म्हणाले?”

“नाही, बाई.” सुवार्ता आपोआप उभी राहिली. नातवंडं झाली होती तिला, पण बाईंनी प्रश्न विचारला की अजून उभीच राहायची. “म्हणजे बाई, मंडळातल्या सगळ्यांचं म्हणणं पडलं, की तेच तेच होतंय. काही नवीन, काही प्रेरणादायी असेल, तर मग...”

एवढं बोलून ती चप्पल उलटी घालून पळाली.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. तुम्ही म्हणाल, एका मफलराचं एवढं काय? एवढंच की शाळा सुटली होती, फळा सुटला होता, घंटा सुटली होती. हातात सुया तेवढ्या राहिल्या होत्या. मफलर व्यासपीठावरून उतरला म्हणजे बाईही उतरल्या. उद्या बाजारात लोक सायकलवरून उतरतील का, हा खरा प्रश्न होता.

घरात सून होती, दिपाली. नवरा चाकणला कंपनीत, शनिवार-रविवारी यायचा. ही इथं संगणकाच्या क्लासमध्ये शिकवायची. पोरगी चांगली, पण जगातल्या प्रत्येक दुखण्यावर मोबाईलमध्ये औषध असतं अशी तिची श्रद्धा. ती म्हणाली, “आई, तुम्हाला इन्स्पिरेशन पाहिजे. थांबा.” आणि दुसऱ्या दिवशी बाईंचं नाव पुण्याच्या एका मॅडमच्या ऑनलाइन शिबिरात घातलं. शिबिराचं नाव ‘धाग्यातून अंतःप्रेरणेकडे’.

मॅडमच्या मागं भिंतीवर एक वाळकी फांदी टांगलेली होती. आपल्याकडं असली फांदी चुलीत घालतात. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “डोळे मिटा. धागा हातात घ्या. धागा तुम्हाला काय सांगतोय?”

“धागा सांगतोय, डोळे मिटलेस तर टाका निसटेल,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी उगवता सूर्य पाहायला सांगितला. बाई गच्चीवर गेल्या. धुकं आणि कुणीतरी पेटवलेल्या उसाच्या पाचटाचा धूर, त्यातून सूर्य दिसेपर्यंत साडेनऊ झाले आणि बाईंना पडसं झालं. तिसऱ्या दिवशी वाहत्या पाण्याकडं बघायचं होतं. पाटाला आवर्तनच नव्हतं, धरणातून पाणी सोडलेलंच नव्हतं. तळाशी एक फाटकी चप्पल आणि दोन शेळ्या दिसल्या. बाईंनी वहीत लिहिलं, ‘प्रेरणा : निरंक.’

मग चौथ्या दिवशी मॅडम एक गोष्ट बोलल्या. “तुम्ही आजवर दिलेल्या भेटी आज कुठं जगताहेत? त्यांच्यापर्यंत जा. त्यांचा प्रवास शोधा. तुमची प्रेरणा तिथंच तुमची वाट बघत बसलेली आहे.”

हे मात्र बाईंना पटलं. बरोबरच आहे. गृहपाठ दिला तर तो तपासायला नको? दिपाली तर नाचायलाच लागली. “आई, आपण फोटो काढू! ‘बाईंच्या मफलरचा प्रवास’! पेज काढू! मंडळाला तोंडावर दाखवू!”

बाजेवरून काकासाहेब तेवढे म्हणाले, “नगा जाऊ.”

“का?”

“उगं. दिलेली वस्तू आन टाकलेलं मत परत बघाया जाऊ न्हाई.”

काकासाहेबांच्या गळ्यात मफलर होता. असायचाच. पहिल्या गारठ्यापासून शिमग्यापर्यंत तो मानेवरून उतरत नसे. त्याच्या आत घडी घातलेला पांढरा सुती रुमाल. मफलर मळू नये म्हणून, असं ते सांगायचे. बाईंना ते अतीच वाटायचं. नवऱ्याचं कौतुक कोण जमेस धरतो? घरच्या म्हाताऱ्यानं मफलर घातला, यात प्रेरणा ती काय!

निघाल्या दोघी स्कूटीवर.

पहिलं घर गहिनीनाथचं. खताचं दुकान, दोन ट्रॅक्टर, पोट सुटलेलं. बाई दिसताच तो गादीवरून उठला, पाया पडला, नोकराला खुर्ची पुसायला लावली.

“गहिनीनाथ, तुझ्या लग्नात दिलेला मफलर कुठं आहे?”

“जपून ठेवलाय बाई! काय विचारता! कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून. वर्षातनं एकदा ऊन दावतो.”

“काढ. फोटो काढायचाय.”

“आत्ता? चावी मंडळींकडं हाय बाई, आन मंडळी गेल्यात माहेरी.”

तेवढ्यात त्याचा ट्रॅक्टर दुकानापुढं येऊन थांबला. डिझेलच्या टाकीला झाकण नव्हतं. झाकणाच्या जागी कापडाचा एक बोळा ठासून बसवलेला होता आणि बोळ्याचं एक टोक वाऱ्यावर हलत होतं. टोकाला हिरवी पट्टी.

गहिनीनाथ बाई आणि ट्रॅक्टरच्या मधे येऊन उभा राहिला, पण कितीही पोट सुटलं तरी माणसाच्या आड ट्रॅक्टर लपत नाही. शेवटी त्यानं मान खाली घातली. “बाई, खरं सांगतो, इतकं घट्ट झाकण कंपनीनं पन दिलं नव्हतं. एक थेंब सांडत न्हाई.”

दिपालीनं फोटो काढला नाही. बाई बोलल्या नाहीत. वर्गात त्या ओरडायच्या तेव्हा पोरं घाबरत नसत. गप्प राहिल्या की घाबरत.

दुसरा मच्छिंद्र. बेलापूर रोडला त्याचा गोठा. त्याला बाईंनी वडील वारले तेव्हा मायेनं मफलर दिला होता. मच्छिंद्र डेअरीला गेलेला. गोठ्यात एक जर्सी कालवड बसली होती, डोळे अर्धवट मिटून, रवंथ करत, आणि तिच्या मानेपासून पोटापर्यंत बाईंचा मफलर गुंडाळून पाठीवर छान गाठ मारलेली. कालवडीच्या तोंडावर असं समाधान, की असं समाधान बाईंनी कुठल्याही प्रमुख पाहुण्याच्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

मच्छिंद्र आला तो दुधाच्या किटल्या खाली ठेवायचंच विसरला. “बाई! लई नाजूक जलमली हुती वो. ह्यो घातला म्हनून वाचली. तिला लई मानवलाय.”

“तिला,” बाई म्हणाल्या.

“व्हय. तिला.” मच्छिंद्र स्वतःच्या मानेवरून हात फिरवत म्हणाला. बाई तोवर स्कूटीवर बसल्या होत्या.

तिसरे बाबाजान, स्टँडजवळचे चहावाले. बाबाजान वयानं बाईंच्या बरोबरीचे, पण त्यांची सगळी पोरं बाईंच्या हाताखालून गेलेली. हजहून आले तेव्हा बाईंनी त्यांना मफलर दिला होता. तो किटलीला तोटीपासून बुडापर्यंत असा बसला होता, जणू मापानं विणलेला.

“बाबाजान, तुम्हीसुद्धा?”

“बसा बाई. चहा घ्या आधी.” बाबाजान शांतपणे म्हणाले. “जपूनच ठेवलाय की. सगळ्या बाजाराच्या डोळ्यासमोर हाय. सकाळी केलेला चहा अकरापर्यंत वाफाळता ऱ्हातो. तुमच्या हाताला बरकत हाय, बाई.”

चहा इतका कढत होता की बाईंची जीभ भाजली. आधीच्या रागात हीही भर पडली.

शेवटची आशा पाळकसाहेबांची. देवाचा माणूस, तो तरी! आणि खरंच, फाटकातून आत शिरताना बाईंना खिडकीतून दिसलं, पाळकसाहेब गळ्यात मफलर गुंडाळत होते. जरा घाईनं गुंडाळत होते, पण गुंडाळत होते. बाईंचं काळीज सुपाएवढं झालं. “जय ख्रिस्त, बाई! या, या. थंडी बघा ना किती,” पाळकसाहेब म्हणाले. बोलता बोलता हनुवटी उजवीकडं नेली, डावीकडं नेली, कॉलरमध्ये बोट घातलं, खांदा मानेला घासला. बाईंना वाटलं, रविवारच्या उपदेशाचं ओझं असेल.

मग आतून त्यांचा कुत्रा आला. त्यानं पाळकसाहेबांकडं बघितलं, मफलर हुंगला, हिरव्या पट्टीचं टोक दातात धरलं आणि ओढायला लागला. पाळकसाहेब “हाड, हाड” करताहेत, कुत्रा सोडायला तयार नाही. कसा सोडील? त्याचं अंथरूण होतं ते! बिचारा आपल्या हक्काचं मागत होता.

बाई घरी आल्या त्या चपलांसकट आत. पिशवीतल्या सुया काढल्या, स्टुलावर चढल्या आणि माळ्यावर भिरकावल्या. मग तिथंच स्टुलावर बसून रडल्या. आवाज न करता नाही, चांगल्या मोठ्यानं रडल्या.

“गाढवाला गुळाची चव काय!” पदरानं नाक पुसत त्या म्हणाल्या. “बोटं झिजवली मी ह्या लोकांसाठी. झाकण म्हणे! कुत्र्याचं अंथरूण म्हणे! सुवार्ता खरंच बोलत होती. कुणालाच नको होता. एकालासुद्धा नको होता.”

“मी घालतो की,” काकासाहेब दारातून म्हणाले.

“तुम्ही! तुम्ही तर मधे रुमाल घालता. एवढा मेला किळसवाणा वाटतो तर घालता कशाला?”

काकासाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा बाजेवर जाऊन बसले. बाईंच्या वर्गात सगळं गाव जे गप्प बसायला शिकलं होतं, ते त्यांनीही शिकून घेतलं होतं.

दोन दिवस घरात सुतक. तिसऱ्या दिवशी दिपालीनं धीर केला. “आई, मॅडमनी शेवटचा स्वाध्याय दिलाय. आपली वस्तू स्वतः अंगावर घालायची आणि तिच्याबद्दल कॅमेऱ्यासमोर बोलायचं. एवढं करा, मग पुन्हा काही म्हणणार नाही मी.”

“मी? मफलर?”

आणि बाई थबकल्या. आयुष्यभर मफलर विणले, पण स्वतः कधी घातलाच नव्हता. बायामाणसं शाल घेतात, स्वेटर घालतात. मफलर द्यायची वस्तू, आपण घ्यायची नव्हे. स्वयंपाकीण जेवणाऱ्यांना वाढते, ताटावर बसत नाही. तसं काहीसं त्यांच्या डोक्यात असावं. पेटीत एक नवाकोरा उरला होता. दिपालीनं तो त्यांच्या गळ्याला दोन वेढे देऊन बांधला, खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि मोबाईल धरला. “बोला, आई.”

“हा मफलर,” बाईंनी सुरुवात केली, “मायेची ऊब आहे. ही ऊब मी गावाला दिली...”

मानेमागं काहीतरी चाललं. मुंगी असावी. बाईंनी हात नेला.

“आई, हात खाली.”

“...गावाला दिली, आणि गावानं...” आता मुंग्या चार झाल्या. हनुवटीखाली कुणीतरी बाभळीची फांदी फिरवत असावं. बाईंनी मान उजवीकडं नेली, डावीकडं नेली. “...गावानं ती जपून...” खांदा मानेला घासला. पाळकसाहेब असेच करत होते. बाई एकदम थांबल्या. पण त्या बाई होत्या. सुरू केलेला धडा अर्ध्यावर सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. डोळ्यांत पाणी, कान लाल, तरी त्या “मायेचा स्पर्श” इथपर्यंत पोचल्या आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याच शिबिरात बसणारं नव्हतं.

“अगं काढ हा! काढ! चावतोय मेला!”

दिपालीनं मफलर ओढून काढला. आरशात बाईंनी बघितलं. मानेभोवती लालभडक पट्टा उठला होता, दोन सुलटे, दोन उलटे, जसाच्या तसा नमुना.

आरशापुढं त्या उभ्याच राहिल्या. टाकीचं झाकण, किटली, केसाळ कातड्याची कालवड, केसाळ कुत्रा. ज्यांना कातडी नव्हती किंवा जाड होती, त्यांनाच मफलर सोसला होता. लोक कृतघ्न नव्हते. लोकांना खाज सुटत होती! आणि साऱ्या गावात एकाची छाती झाली नाही म्हणायची, की बाई, चावतो. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? म्हणून मांजरच एकेकाच्या गळ्यात मफलर बांधत सुटलं.

मग त्यांना अंगणातली बाज दिसली.

काकासाहेब उन्हाकडं पाठ करून बसले होते. गळ्यात मफलर, मफलरच्या आत पांढरा रुमाल. बाई मागून गेल्या आणि काही न बोलता रुमाल ओढून काढला. खाली मानेच्या वळीत काळसर, जाड झालेला पट्टा होता, बैलाच्या खांद्याला जू लागून पडतो तसा. तो त्यांनी पूर्वीही पाहिला होता. काट्यावर उन्हात उभं राहून पडलाय, असं काकासाहेबांनी सांगितलं होतं आणि त्यांनी ते मानलं होतं.

“चावतो?” बाईंनी विचारलं.

“काय?”

“मफलर. चावतो ना तुम्हाला?”

काकासाहेबांनी मफलरचं टोक सारखं केलं. “थोडा.”

“थोडा? मला आत्ता दोन मिनिटं सोसला नाही! तुम्ही जन्मभर घालताय! सांगितलं का नाही?”

“लग्नाच्या पयल्या थंडीत तू घातलास माज्या गळ्यात,” काकासाहेब म्हणाले. “आन इचारलंस, कसा वाटतो? तवाचं तुजं तोंड तू बघितलं न्हाईस, मी बघितलंय. त्या तोंडाला कोन सांगनार, चावतो म्हनून?”

“पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी तरी सांगायचं!”

“दुसऱ्या वर्षी तू दुसरा इनलास.”

बाईंना हसू आलं आणि रडूही, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं ठसका लागला. गावभर विचारत हिंडल्या, माझा मफलर कुणी प्रेमानं घातला का. आणि घालणारा रोज सकाळी ह्याच बाजेवर, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

“नगा जाऊ म्हनलं हुतं मी,” काकासाहेब म्हणाले.

“चहा ठेवते,” बाई म्हणाल्या, आणि रुमाल हातात घेऊनच आत गेल्या.

चहा उतू गेला, कारण बाई ओट्यापाशी उभ्या राहून रुमालाकडं बघत होत्या. धुऊन धुऊन तो सायीसारखा मऊ झाला होता. मग त्यांनी ट्रंक उघडली. शाळेत नेसायच्या सगळ्या सुती साड्या त्यात होत्या, खडूच्या पांढऱ्या डागांसकट, वापरून वापरून पाण्यासारख्या झालेल्या. आपल्याकडं असल्या साड्यांची गोधडी करतात, कारण उघड्या अंगाला लागायचं ते जुनं आणि मऊ असावं लागतं. एवढं साधं शहाणपण घरोघरी असतं, बाईंच्या घरी ते ट्रंकेत पडून होतं. बाईंनी सुईत दोरा ओवला. पहिला मफलर त्यांनी काकासाहेबांचाच घेतला आणि आतून साडीचं अस्तर लावलं. पण दिला नाही. नाताळला देणार होत्या.

मग माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर बाईंचा मेसेज पडला : ‘रविवारी चर्च सुटल्यावर प्रत्येकानं आपापला मफलर घेऊन माझ्या घरी हजर राहावे. ज्या स्थितीत जपून ठेवला असेल त्या स्थितीत.’

गावात काय पळापळ उडाली ती देवालाच ठाऊक! शनिवारी श्रीरामपुरात जिकडं बघाल तिकडं दोरीवर गूळरंगी मफलर वाळत होते. कुणी पायपुसणं उचललं, कुणी सिलिंडरखालून काढलं. गहिनीनाथनं आपला तीनदा धुतला, तरी तो आला तेव्हा बाई म्हणाल्या, “काडी पेटवू नकोस रे जवळ.” बाबाजान किटलीसकट आले आणि सगळ्यांना चहा पाजून गेले. पाळकसाहेबांच्या मफलरमागं कुत्राही आला. मच्छिंद्रनं मान खाली घालून कालवडीचा मफलर पुढं केला, तर बाईंनी तो तसाच परत दिला.

“हा तिला परत घाल. आत्ता जाऊन घाल. गारठली असेल ती. तिच्यासाठी अस्तर नको, तिला तो आहे तसाच आवडतो.”

इकडं दिपालीनं पुण्याच्या मॅडमना सगळं कळवलं. मॅडम म्हणाल्या, “वा! अस्तर म्हणजे अंतर्मन! मी हे पुढच्या शिबिरात घेते.” दिपालीनं ते बाईंना सांगितलं. बाई दातानं दोरा तोडत म्हणाल्या, “त्यांना म्हणावं, अस्तर म्हणजे अस्तर.”

नाताळच्या कार्यक्रमाला तालुक्याचे कुणी मोठे साहेब पाहुणे होते. सुवार्तानं शालीचा विषय गुपचूप मागं घेतला होता. साहेबांच्या गळ्यात बाईंनी अस्तर लावलेला मफलर घातला. साहेबांनी तो घालून घेतला, सवयीनं दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, “वा! जपून ठेवीन हं!”

“जपून ठेवू नका,” बाई म्हणाल्या. “घाला. आणि चावला तर मला फोन करा.”

साहेबांना कळेना हसावं की काय. सुवार्ता माइकपाशी धावली. कागदावर तिनं आधीच लिहून आणलं होतं. “बाई, इतकी वर्षं तुम्ही हे सुंदर कार्य करत आहात. या नव्या मफलरमागची आपली प्रेरणा काय?”

“खाज,” बाई म्हणाल्या.

मागच्या बाकावर बाबाजान खो खो हसले आणि मग कुणाला आवरलंच नाही. पाळकसाहेबांनी तर रुमालात तोंड लपवलं. बाईंनी हात वर केला. सगळे गप्प झाले, इतक्या पटकन गप्प झाले, की बाईंनाच ते लागलं.

“हेच,” त्या म्हणाल्या. “हेच चुकलं. तुम्हाला सगळ्यांना चावत होता आणि एकाला बोलता आलं नाही. शुद्धलेखन शिकवलं मी तुम्हाला, पाढे शिकवले. बाईंचं चुकलं तर ‘बाई, चुकलं’ म्हणायचं, एवढं शिकवायचं राहिलं. पुढच्या वर्षी काही विणलं आणि आवडलं नाही, तर तोंडावर सांगा. रागावेन मी. पण सांगा.”

“बाई,” गहिनीनाथ मागून उभा राहिला, हात वर करून. “हिरवी पट्टी पन चांगली दिसत न्हाई.”

“खाली बस,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नाताळची सकाळ. काकासाहेब चर्चला निघायला तयार होऊन बाजेवर बसले होते. बाईंनी त्यांचा मफलर आणला, खडूच्या डागांच्या साडीचं अस्तर लावलेला, आणि लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत घातला तसा स्वतःच्या हातानं त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी सवयीनं खिशात ठेवलेला दुसरा रुमाल काढून घेतला.

“कसा वाटतो?”

काकासाहेबांनी मान उजवीकडं नेली, डावीकडं नेली. मानेवर हात फिरवला. तोंड जरा वाकडं झालं.

“खरं सांगा,” बाई म्हणाल्या. “आता खरं सांगायचं ठरलंय. चावतो?”

“न्हाई.”

“मग?”

“चावत न्हाई त्यामुळं तू घातलाय असं वाटंना,” काकासाहेब म्हणाले, आणि टोपी घालून फाटकाकडं चालायला लागले.

बाई जागेवरच उभ्या राहिल्या. मग पदर डोळ्याला लावला, दाराला कडी घातली आणि त्यांच्या मागं निघाल्या.